रे ऑझी आणि मिळून काम करण्याचे सॉफ्टवेअर

एकमेकांपासून दूर बसलेल्या माणसांना संगणकावर मिळून काम करता यावे, यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला १९८० च्या दशकात ‘ग्रुपवेअर’ हे नाव रूढ झाले. या सॉफ्टवेअरच्या इतिहासात अनेक प्रयोगशाळा, कंपन्या आणि माणसे येतात. त्यांत सर्वांत लांब आणि सर्वांत एकसंध कारकीर्द अमेरिकन प्रोग्रामर रे ऑझी (जन्म १९५५) यांची आहे. विद्यापीठातल्या महाकाय संगणकापासून तळहातावर मावणाऱ्या रेडिओ-सर्किटपर्यंत त्यांनी जे जे केले, त्यामागे एकच प्रश्न होता. माणसे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यांना जोडणाऱ्या तारेचा भरवसा नाही, आणि तरीही सर्वांच्या हातात एकच कागद असायला हवा. हे कसे साधायचे? यंत्रे बदलली तशी या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि त्या उत्तरांच्या क्रमातूनच कार्यालयीन सॉफ्टवेअरचा मोठा इतिहास उलगडतो.

त्याची सुरुवात इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील आवारात झाली. डोनाल्ड बिट्झर या विद्युत अभियंत्याने १९६० मध्ये तेथे ‘प्लेटो’ नावाची प्रणाली उभारायला घेतली होती. हेतू शिक्षणाचा होता: विद्यार्थ्याने पडद्यासमोर बसावे आणि संगणकाने धडा शिकवावा. १९७२ च्या सुमारास तिची चौथी आवृत्ती आली, तेव्हा ती काळाच्या पुष्कळ पुढे होती. तिच्या टर्मिनलला नारिंगी प्रकाशाचा सपाट प्लाझ्मा पडदा होता, त्यावर उभे-आडवे ५१२ ठिपके उमटत आणि बोटाचा स्पर्शही ओळखला जाई. दशक संपेपर्यंत सुमारे हजार टर्मिनले टेलिफोनच्या तारांनी कंट्रोल डेटा कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाला जोडलेली होती. तारेचा वेग सेकंदाला १,२०० बिट एवढाच होता.

या शिक्षणयंत्राचे रूपांतर वसाहतीत झाले, ते तेथल्या विद्यार्थी प्रोग्रामरांमुळे. प्रणालीतील दोष कळवण्यासाठी आधी एकच सामाईक मजकूर-फाइल होती. कोणीही ती उघडून त्यात लिही आणि कोणीही दुसऱ्याचे लिहिणे पुसून टाकू शके. कोणी काय लिहिले, याचा माग राहत नसे. डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाकडे यावर उपाय शोधण्याचे काम आले. त्याने १९७३ च्या उन्हाळ्यात ‘नोट्स’ हा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक टिपणाला लेखकाचे नाव आणि वेळ आपोआप लागे, आणि त्याखाली इतरांची उत्तरे ओळीने येत. १९७६ मध्ये ‘ग्रुप नोट्स’ आले. त्यामुळे कोणत्याही विषयावर स्वतंत्र फाइल उघडणे, ती कोणी वाचावी आणि कोणी लिहावे हे ठरवणे शक्य झाले. याच काळात प्लेटोवर एकमेकांशी थेट टंकित गप्पा मारण्याचीही सोय झाली होती.

ऑझी याच विद्यापीठात शिकत होते आणि प्लेटोच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर म्हणून कामही करत होते. त्या दिवसांतली एक आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका सहकाऱ्याबरोबर ते प्लेटोवरून एक प्रोग्राम लिहीत होते. सहकारी बुद्धिमान होता, लिहायचा उत्तम, फक्त टंकलेखनात संथ. काम संपल्यावर त्याच्या घरी गेल्यावर ऑझींना कळले, की त्याचे हातपाय लुळे आहेत आणि तो तोंडात काडी धरून एकेक कळ दाबतो. संगणकाच्या पडद्यावर माणूस त्याच्या विचारांनीच ओळखला जातो, हे त्या भेटीने त्यांच्या मनावर कायमचे कोरले. ही आठवण महत्त्वाची अशासाठी, की पुढची चाळीस वर्षे त्यांनी गणिती वेगापेक्षा माणसांमधल्या कामाच्या नात्याला यंत्राचा खरा विषय मानले.

१९७९ मध्ये पदवी घेऊन ऑझी मॅसॅच्युसेट्सला गेले. डेटा जनरल या मिनी-कॉम्प्युटर कंपनीत ते जोनाथन सॅक्स यांच्या हाताखाली होते. नंतर ते सॉफ्टवेअर आर्ट्समध्ये गेले. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या याच कंपनीने ‘व्हिजिकॅल्क’ हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट तयार केले होते. वैयक्तिक संगणकाने व्यापारी हिशेबाची पद्धत पालटली होती. पण ऑझींना त्यात एक मोठी उणीव दिसत होती. प्लेटोवर हजारभर माणसे एका जगात राहत, आणि नवा संगणक टेबलावर एकटाच होता. शेजारच्या टेबलावर मजकूर न्यायचा, तर फ्लॉपी खिशात घालून उठावे लागे. प्लेटोवरचे सामाईक टिपण या एकट्या यंत्रांवर आणायचे, अशी योजना त्यांनी लिहून काढली. तिला पैसा देणारे कोणी मिळेना, आणि ते स्वाभाविकही होते: जोडलेले संगणकच जवळपास अस्तित्वात नव्हते, तर त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर कोण विकत घेणार?

मार्ग निघाला तो लोटस कंपनीतून. मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचे ‘लोटस १-२-३’ जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी कंपनीची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. भारतातल्या कार्यालयांत संगणक आले, तेव्हा पुष्कळांचे पहिले स्प्रेडशीट हेच होते. केपॉर यांना ऑझींची योजना पटली, पण त्यांनी आधी लोटससाठी ‘सिंफनी’ हे उत्पादन पूर्ण करून द्यायला सांगितले. सिंफनी १९८४ मध्ये विक्रीला आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑझींनी आयरिस असोसिएट्स ही छोटी कंपनी काढली. पैसा लोटसचा, विक्रीचा हक्क लोटसचा, पण प्रोग्रामर आयरिसचे, अशी वाटणी ठरली. टिम हॅल्व्हर्सन आणि लेन कावेल हे सहकारी डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून आले. दोघांचीही जडणघडण प्लेटोवरच झालेली. स्टीव्ह बेकहार्ट थोड्याच दिवसांत येऊन मिळाले.

‘लोटस नोट्स’ची पहिली आवृत्ती विक्रीला यायला डिसेंबर १९८९ उजाडला. पाच वर्षे लागण्याची कारणे त्या काळाच्या यंत्रांत आहेत. पीसीची उपयोगी स्मृती ६४० किलोबाइट होती, आणि खिडक्या-चित्रांचा पडदा नुकता कुठे घडत होता. रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये सुरू केलेले ईथरनेट आता बाजारात मिळत होते, नॉव्हेलचे ‘नेटवेअर’ कार्यालयांत पोहोचू लागले होते. परंतु या जाळ्यांचा उपयोग बहुधा डिस्क आणि प्रिंटर वाटून घेण्यापुरता होता. सर्व्हरवरची फाइल दोघांनी एकदम उघडली, तर एकाला कुलूप लागे. दुसऱ्या शहरातल्या शाखेला जोडायचे, तर हाताशी केवळ मोडेम होता.

आयरिसच्या प्रोग्रामरांनी या दुबळ्या तारेलाच रचनेचा पाया मानले, आणि त्यांची खरी थोरवी यातच आहे. प्लेटोवर सारे काही एका मध्यवर्ती यंत्रात होते; तार तुटली की काम थांबे. नोट्समध्ये माहितीचे एक घर नव्हतेच. प्रत्येक कार्यालयाच्या सर्व्हरवर, एवढेच नव्हे तर प्रवासात नेलेल्या संगणकावरही, पूर्ण प्रत असे. जो तो आपल्या प्रतीवर काम करी आणि ठरावीक वेळी या प्रती एकमेकींशी जुळवून घेतल्या जात. या जुळवणीला ‘रेप्लिकेशन’ म्हणत. न्यूयॉर्क आणि लंडनचे सर्व्हर मध्यरात्री मोडेमवरून काही मिनिटे बोलत, आणि सकाळी दोन्ही ठिकाणच्या लोकांना सारखीच फाइल दिसे.

हे बोलणे थोडक्यात आटोपत असे, कारण सबंध फाइल पाठवण्याची गरज नव्हती. नोट्समधील प्रत्येक टिपणाला एक ओळख-क्रमांक असे आणि तो सर्व प्रतींत एकच राही. त्याच्या जोडीला टिपण किती वेळा आणि शेवटचे केव्हा बदलले, याची नोंद असे. भेट झाली की दोन सर्व्हर मागच्या भेटीनंतर बदललेल्या टिपणांची यादी पाहत आणि तेवढीच देवाणघेवाण करत. पुसलेल्या टिपणाच्या जागी एक लहान खूण शिल्लक ठेवावी लागे. नाहीतर ज्या प्रतीला पुसल्याचे कळलेले नाही, तिच्याकडून ते टिपण पुन्हा जिवंत होऊन परत आले असते. फार काळ न जुळलेल्या प्रतींच्या बाबतीत, खुणा साफ झाल्यानंतर, असे खरोखर घडे आणि नोट्स सांभाळणाऱ्यांना ही ‘भुते’ चांगली परिचयाची होती.

मग दोन ठिकाणी दोघांनी एकाच वेळी एकच टिपण बदलले तर? नोट्स त्यांतील एकाला मुख्य मानी आणि दुसऱ्याला ‘संघर्ष’ अशी खूण लावून त्याच्याखाली ठेवी. कोणाचे खरे धरायचे, हा निवाडा माणसाने करायचा. हे उत्तर अपुरे आहे अशी टीका झाली. तरी कोणाचेही लिहिणे गुपचूप नाहीसे होऊ न देण्याचा हा निर्णय योग्यच होता. प्लेटोवरच्या जुन्या सामाईक फाइलमध्ये नेमके तेच होत असे.

आणखी एक गोष्ट रचनेत होती, तिच्याकडे बाहेरच्यांचे फारसे लक्ष गेले नाही. फॉर्म, याद्या, सूत्रे, म्हणजे उपयोजनाची सारी मांडणीसुद्धा त्याच फाइलमध्ये टिपणांच्या रूपात साठवलेली असे. त्यामुळे एका शहरात कोणी रजेच्या अर्जाचा फॉर्म बदलला, तर तो बदलही रात्रीच्या जुळवणीत जगभर पोहोचे. कोणाला डिस्क घेऊन शाखाशाखांत फिरावे लागत नसे. सूत्रांची भाषा स्प्रेडशीटच्या वळणाची होती. १-२-३ मध्ये हिशेब मांडू शकणारा कारकून थोड्या सरावाने तक्रार-नोंदणी किंवा मंजुरीची साखळी तयार करू शके. कंपन्यांमध्ये हजारो छोटी उपयोजने अशीच उगवली. पुष्कळदा संगणक विभागाला त्यांचा पत्ताही नसे.

सुरक्षिततेच्या बाबतीत नोट्स तितकेच आगाऊ होते. एमआयटीत १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही सार्वजनिक किल्लीची पद्धत मोठ्या व्यापारी उत्पादनात आणणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी ते एक होते. प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची ओळख-फाइल असे. तिच्याशिवाय सर्व्हर दार उघडत नसे आणि टिपणावर डिजिटल सही करता येई. मात्र त्या काळी अमेरिकी सरकार सबळ गुप्तलेखनाला शस्त्रांच्या रांगेत बसवून त्याची निर्यात रोखत असे. परदेशी ग्राहकांना ४० बिटांचीच किल्ली देता येई. १९९६ मध्ये लोटसने तडजोड केली: परदेशी आवृत्तीत किल्ली ६४ बिटांची, पण तिचे २४ बिट राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला उघडता येतील अशा रीतीने संदेशासोबत जाणार. इतर हल्लेखोरांपुढे ६४ बिटांची भिंत, अमेरिकी सरकारपुढे ४० बिटांची. स्वीडनमध्ये सरकारी वापरकर्त्यांना हे पुढच्या वर्षी उमगले तेव्हा मोठा गदारोळ झाला. ही तडजोड लपवलेली नव्हती, ऑझींनी ती जाहीर व्यासपीठावर सांगितली होती. तरीही दुसऱ्या देशांच्या कारभारावर तिने टाकलेली छाया नाकारता येत नाही.

विक्रीची सुरुवात छोट्या दुकानदारांपासून झाली नाही. दोनशे परवान्यांचा किमान संच ६२,५०० डॉलरला होता. प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण कंपनीने उत्पादन बाजारात येण्याच्या सुमारासच दहा हजार परवाने घेतले. त्या काळी पीसी सॉफ्टवेअरची इतकी मोठी खरेदी जवळपास अनोळखी होती. जगभर विखुरलेले सल्लागार, प्रत्येकाजवळ अनुभवाचा साठा आणि तो दुसऱ्याला देण्याची सोय नाही, अशा संस्थेला नोट्स अगदी नेमके वाटले.

प्रत्यक्षात काय घडते, हे एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले, आणि तो अभ्यास आजही वाचावा असा आहे. त्यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स बसवले जात असताना निरीक्षण केले. तेथील तरुणांची बढती सहकाऱ्यांवर मात करण्यावर अवलंबून होती. बढती हुकली की नोकरी सोडायची, अशी रीत होती. स्वतःचे ज्ञान हीच ज्याची पुंजी, तो ती सामाईक फाइलमध्ये का ओतेल? शिवाय प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या बिलात धरायचा असल्याने नवे साधन शिकण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा, हेही ठरलेले नव्हते. वरिष्ठ भागीदारांना मात्र बढतीची धास्ती नव्हती, आणि ते अधिक मोकळेपणाने देवाणघेवाण करत होते. सहकार्याचे सॉफ्टवेअर स्पर्धेवर उभ्या असलेल्या संस्थेत आपोआप सहकार्य आणत नाही, हे तेव्हा पुराव्यानिशी पुढे आले.

मे १९९३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने नोट्सला व्यापक बाजार मिळवून दिला. लोटसने १९९४ मध्ये आयरिस विकत घेतली. जून १९९५ मध्ये आयबीएमने लोटसवर अनपेक्षित बोली लावली आणि आठवडाभरात सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला सौदा ठरला. स्प्रेडशीटच्या बाजारात एक्सेलने १-२-३ ला मागे टाकले होते. लुई गर्स्टनर यांच्या आयबीएमने एवढी रक्कम मोजली ती मुख्यत्वे नोट्ससाठी.

त्याच वर्षांत वेब वाढत होते. कोणत्याही ब्राउझरमधून पाने दिसू लागल्यावर महागडे स्वतंत्र सॉफ्टवेअर कशाला, हा प्रश्न ग्राहक विचारू लागले. १९९६ मध्ये नोट्सच्या सर्व्हरला वेबची भाषा शिकवून त्याचे नाव ‘डॉमिनो’ ठेवले गेले आणि उत्पादन तगले. पण लाखो लोकांच्या दृष्टीने नोट्स म्हणजे केवळ कार्यालयातील ई-मेल होती, आणि ई-मेल म्हणून ती अवघड होती. इतर प्रोग्रामांत पान ताजे करणारी एफ-५ ही कळ नोट्समध्ये दाबली, तर वापरकर्ता बाहेर फेकला जाई. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही नोट्सवर अनेक वर्षे मेल चालली; तेथील जुन्या कर्मचाऱ्यांना ही चिडचिड आठवत असेल. नेटवर्क सदैव चालू राहू लागले, तेव्हा प्रती राखण्याच्या ज्या रचनेने नोट्सला मोठे केले होते, तीच ओझे वाटू लागली.

तरीही ते संपले नाही. आयबीएमने नोट्स आणि डॉमिनोसह काही उत्पादने १.८ अब्ज डॉलरला एचसीएल टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीला विकण्याचे डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केले आणि २०१९ मध्ये हस्तांतर झाले. कल्पनेचा वंश वेगळ्या वाटेनेही वाढला: नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेला ‘काउचडीबी’ हा मुक्त डेटाबेस नोट्सच्या टिपण-रचनेवर आणि जुळवणीवरच उभा आहे.

ऑझी स्वतः १९९७ मध्ये आयबीएममधून बाहेर पडले होते. ग्रूव्ह नेटवर्क्स या नव्या कंपनीत त्यांनी सर्व्हरच बाजूला सारला. नोट्स एका कंपनीच्या भिंतींच्या आत चाले. पण काम वकील, पुरवठादार, सरकारी खाती असे भिंतींपलीकडे पसरलेले असते. ग्रूव्हमध्ये वापरकर्ते आपापसांत एक सामाईक जागा उघडत, तिची गुप्तलेखित प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असे आणि बदल थेट एकमेकांकडे जात. २००३ नंतर इराकमधील मदतकार्यात, जिथे लष्कर आणि नागरी संस्था एकमेकांच्या जाळ्यात शिरू शकत नव्हत्या, तिथे ते कामी आले. बाजारात मात्र ग्रूव्हला मोठे यश मिळाले नाही. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये ती कंपनी घेतली. ग्रूव्हचा जुळवणीचा कोड पुढे ‘वनड्राइव्ह फॉर बिझनेस’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत राहिला, संगणकावर चालणाऱ्या त्या प्रोग्रामच्या फाइलचे नावही ‘ग्रूव्ह’च होते.

मायक्रोसॉफ्टमध्ये आल्यावर काही महिन्यांतच, २८ ऑक्टोबर २००५ रोजी, ऑझींनी एक दीर्घ टिपण लिहिले. सॉफ्टवेअर यापुढे खोक्यातून विकले जाणार नाही, ते इंटरनेटवरील सेवा म्हणून मिळेल, आणि कंपनीने हे ओळखले नाही तर तिचा पायाच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. जून २००६ मध्ये बिल गेट्स यांनी मुख्य सॉफ्टवेअर शिल्पकार हे आपले पद त्यांच्याकडे सोपवले. विंडोज आणि ऑफिसच्या प्रचंड नफ्यावर उभ्या असलेल्या संस्थेत हा बदल रुजवणे सोपे नव्हते. ऑझींनी तो मुख्य विभागांच्या बाहेर रुजवला: अमिताभ श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली, आणि विंडोज एनटीचे शिल्पकार डेव्ह कटलर यांच्या सहभागाने, ‘रेड डॉग’ या सांकेतिक नावाने काम सुरू झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत ऑझींनी ते ‘विंडोज अझूर’ म्हणून जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०१० पासून ते पैसे देऊन वापरता येऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या निवृत्तीची घोषणा झाली. त्या वेळी अझूर लहान आणि अनिश्चित होते. पुढे ते मायक्रोसॉफ्टच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनले. ऑझींच्या काळाचे मूल्यमापन त्यांच्या पद सोडण्याच्या वर्षावरून करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

यानंतरचे ‘टॉको’ हे संभाषणाचे मोबाइल अ‍ॅप अल्पजीवी ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते घेतले. अधिक दूर नेणारे काम जपानमधून आले. मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर ‘सेफकास्ट’ या स्वयंसेवी गटाने नागरिकांच्या हाती किरणोत्सर्ग मोजणारी साधने देऊन उघडा नकाशा तयार करायला घेतला. ऑझी त्यात सामील झाले. वीज नसलेल्या, वाय-फाय नसलेल्या जागी ठेवलेल्या मापकाकडून आकडे आणणे किती कठीण आहे, हे त्यांना तेथे जाणवले. त्यातून त्यांनी ब्लूज ही कंपनी काढली. तिचे ‘नोटकार्ड’ हे तीन-साडेतीन सेंटिमीटरचे सर्किट कोणत्याही यंत्राला जोडता येते आणि मोबाइल जाळ्यातून बोलते. दहा वर्षांची आणि ५०० मेगाबाइटची जोडणी खरेदीच्या किमतीतच येते. मापकाची प्रत्येक नोंद ते आधी स्वतःच्या स्मृतीत टिपून ठेवते, आणि मोबाइलचा संपर्क मिळाला की साठलेल्या नोंदी केंद्रावरच्या प्रतीशी जुळवते.